वजन उतरलं, आता उरलेल्या कातडीचं काय?

चाळीस-पन्नास किलो वजन उतरलं की साखर आटोक्यात येते, गुडघ्यांची कुरकुर कमी होते, जिना चढताना धाप लागत नाही. त्याच सुमारास एक नवीच अडचण पुढे येते. आतली चरबी गेली, पण तिच्यावर वर्षानुवर्षं ताणलेली कातडी तिथेच राहिली. पोटाची घडी जांघेवर येऊन पडते, दंडाखाली कातडी लोंबते, छाती ओघळते, चालताना मांड्या आतून सोलवटतात. बेरिॲट्रिक सर्जरी, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर-आतड्यांवरचं ऑपरेशन, करून घेणाऱ्यांना याची थोडीफार कल्पना आधी दिलेली असते. पण भारतात मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जून २०२५ मध्ये वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शनं आली, तेव्हापासून इंजेक्शनवर वीस-तीस किलो उतरवणारेही वाढलेत, आणि त्यातल्या पुष्कळांशी कातडीबद्दल कुणी चकार शब्द बोललेलं नसतं.

ही जास्तीची कातडी काढून शरीर पुन्हा बांधेसूद करण्याच्या ऑपरेशनांना मिळून बॉडी कॉन्टूरिंग म्हणतात. माझं ठाम मत आहे की या ऑपरेशनांचं यश जितकं सर्जनच्या हातात असतं, तितकंच ते आधीच्या सहा महिन्यांत तुमच्या ताटात, रक्ताच्या रिपोर्टमध्ये आणि तंबाखूच्या डबीत ठरलेलं असतं. म्हणून या पोस्टमध्ये तयारीला जास्त जागा दिली आहे.

आधी एक गैरसमज बाजूला काढू. कातडीचा ताण धरून ठेवणारे कोलॅजेन आणि इलॅस्टिनचे तंतू दीर्घकाळच्या लठ्ठपणात विरळ होतात, तुटतात. तुटलेलं इलॅस्टिन मोठ्या वयात पुन्हा नीट तयार होत नाही. पंचविशीत पंधरा किलो उतरवणाऱ्याची कातडी बरीचशी आवळून येते. पन्नाशीत, दोन बाळंतपणांनंतर, वीस वर्षांचा लठ्ठपणा उतरवणाऱ्या बाईची येत नाही, आणि त्यात तिचा काही दोष नसतो. लोंबणारी घडी तेलाच्या मालिशने, क्रीमने, पोटाला प्लॅस्टिक गुंडाळून किंवा पार्लरमधल्या मशीनने वर जात नाही. वजनं उचलण्याच्या व्यायामाने दंड-मांड्यांचे स्नायू भरतात, त्यामुळे थोडी कातडी भरून निघते आणि ऑपरेशनला शरीर तयार होतं. तो जरूर करा. पोटाची घडी मात्र त्याने जाणार नाही.

घडीखालची खाज

वजन उतरलेल्या माणसाचा रोजचा खरा त्रास पाहायचा असेल तर पोटाची घडी उचलून खाली पाहावं. ओलसर, लालभडक पट्टा, कडेला बारीक पुळ्या, मधोमध चिरलेली कातडी, आंबूस वास. कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर तो पट्टा कोरडा राहणं जवळपास अशक्य. घाम, घर्षण आणि कॅन्डिडा नावाची बुरशी मिळून हे होतं, शिवाय बऱ्याच जणांना त्यावर नायटाही होतो.

इथे आपल्याकडे एक मोठा घोळ होतो. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय एक ट्यूब आणली जाते. तिच्यात बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि क्लोबेटासोलसारखं तीव्र स्टेरॉइड असं तिन्ही एकत्र असतं. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून ती महिनोन्महिने लावली जाते. स्टेरॉइडने बुरशी दबून कडेने पसरते आणि कातडी कागदासारखी पातळ होते. पुढे त्याच पातळ कातडीत सर्जनला टाके घालायचे असतात, आणि ती टाके धरत नाही.

त्याऐवजी: दिवसातून दोनदा घडी साध्या साबणाने धुवा, टॉवेलने घासू नका, टिपून घ्या, मग हेअर ड्रायरची गार हवा दोन मिनिटं मारा. घडीत जुन्या सुती साडीची स्वच्छ, कोरडी पट्टी ठेवा आणि ओली झाली की बदला. पावसाळ्यात आतले कपडे दमट राहिले असतील तर इस्त्री फिरवून घाला. नुसतं बुरशीचं मलम त्वचारोगतज्ज्ञ सांगतील तितके आठवडे लावा. खाज गेल्या दिवशी बंद केलं की ती परत येते. आणि दर भेटीचा कागद, तारखेसकट, जपून ठेवा. तो विम्याच्या वेळी लागतो, त्याबद्दल पुढे येईलच.

कधी करायचं

बेरिॲट्रिक सर्जरीनंतर साधारण बारा ते अठरा महिने थांबायचं, आणि त्यातले निदान शेवटचे तीन, शक्यतो सहा महिने वजन दोन-तीन किलोंच्या आतबाहेर स्थिर असायला हवं. वजन अजून उतरत असताना ऑपरेशन केलं तर सहा महिन्यांनी कातडी पुन्हा सैल पडते. शिवाय वजन उतरत असताना शरीर तुटीत असतं आणि जखम भरायला लागणारी प्रथिनं त्याच्याकडे शिल्लक नसतात. इंजेक्शनवर असलेल्यांनी आणखी एक गोष्ट आधीच ठरवायला हवी: पुढे औषध चालू ठेवणार की बंद करणार? बंद केल्यावर वजन परत चढण्याची शक्यता मोठी असते. म्हणून ज्या डोसवर पुढे राहायचं ठरलं आहे, त्या डोसवर वजन स्थिर झालं की तारीख घ्या.

बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) तीसच्या खाली असेल तर उत्तम. तीस ते पस्तीसमध्ये जखम उकलणं, पाणी साचणं, जंतुसंसर्ग यांचा धोका वाढत जातो. पस्तीसच्या वर असताना फक्त पोटाची अतिजड घडी चालणं-फिरणं अडवत असेल तर तेवढीच काढायचा विचार होतो. दिसण्यासाठीची ऑपरेशनं तेव्हा करू नयेत. ज्यांना पुढे मूल हवं आहे त्यांनी पोटाचं ऑपरेशन बाळंतपणानंतर ठेवावं. ऑपरेशनमुळे गर्भाला धोका म्हणून नव्हे, तर शिवून जवळ आणलेले स्नायू आणि ताणलेली कातडी पुन्हा सैल होईल म्हणून.

हवामानाचाही विचार करा. सहा आठवडे दिवसरात्र प्रेशर गारमेंट, म्हणजे सूज दाबून ठेवणारा घट्ट पोशाख, घालायचं असतं. मे महिन्यात नागपुरात किंवा जुलैत रत्नागिरीत ते घालून राहणं फार जाचक होतं. नोव्हेंबर ते जानेवारी हा सोयीचा काळ.

ताट, रक्त आणि तंबाखू

पोटाच्या ऑपरेशनची जखम एका बाजूच्या कमरेच्या हाडापासून दुसऱ्या बाजूपर्यंत असते. कंबरभर केली तर पूर्ण गोल. इतकी लांब जखम भरायला प्रथिनं लागतात. बेरिॲट्रिकनंतर रोजचं किमान ६० ते ८० ग्रॅम धरलं जातं. कॉन्टूरिंगच्या आधीचे दोन महिने आणि नंतरचे दोन महिने वजनाच्या दर किलोला सव्वा ते दीड ग्रॅम असावं, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला ९० ते १०५ ग्रॅम. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा.) आपलं दोन पोळ्या, भाजी, पातळ आमटी आणि भात हे जेवण जेमतेम पंधरा-सोळा ग्रॅम देतं, आणि स्लीव्ह (जठर कापून लहान करण्याचं ऑपरेशन) झालेल्याला तेवढंही संपत नाही. म्हणून ताटात आधी प्रथिनं खायची, पोळी-भात उरलेल्या जागेत. एका अंड्यात ६ ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८, शंभर ग्रॅम माशात २०, शंभर ग्रॅम शिजवलेल्या चिकनमध्ये सत्तावीस-अठ्ठावीस, पन्नास ग्रॅम कोरड्या सोया चंक्समध्ये २५, व्हे (दुधातल्या प्रथिनांच्या) पावडरच्या डब्यातल्या एका मापात २० ते २५. शाकाहारी माणसाला पावडरीशिवाय शंभर गाठणं अवघड जातं. पावडर घ्यायला संकोच करू नका.

रक्ताच्या तपासण्या नेहमीच्या पॅकेजवर सोडू नका. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, फॉलिक ॲसिड, डी जीवनसत्त्व, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), आणि मधुमेह असेल तर एचबीए-१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) नावानिशी लिहून घ्या. अल्ब्युमिन साडेतीनच्या खाली असेल तर तारीख पुढे ढकलणंच शहाणपणाचं. हिमोग्लोबिन बरं दिसतं पण फेरिटिन तळाला गेलेलं असतं, असं पाळी येणाऱ्या बायकांत सर्रास सापडतं. बायपास (हृदयाचा नव्हे, जठर-आतड्याचा; बेरिॲट्रिक सर्जरीचाच एक प्रकार) झालेल्यांत लोह जिथे शोषलं जातं तो आतड्याचा पहिला भागच अन्नाच्या वाटेतून वगळलेला असतो. त्यामुळे गोळ्या महिनोन्महिने खाऊनही आकडा हलत नाही, तेव्हा शिरेतून लोह द्यावं लागतं. गोळ्या चालू असतील तर लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर ठेवा आणि लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका.

आता तंबाखू. या ऑपरेशनांत कातडीचा मोठा पडदा खालून सोडवून खेचून घेतात, आणि त्याच्या कडेला रक्त लांबून, बारीक शिरांमधून पोचतं. निकोटिनने त्या शिरा आक्रसतात. कड आधी निळसर, मग काळी पडते, कातडी मरते आणि जखम महिनोन्महिने उघडी राहते. म्हणून ऑपरेशनच्या आधी किमान चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद. सिगारेट-बिडी तर झालीच, पण मशेरी, गुटखा, तपकीर आणि निकोटिनची च्युइंगमसुद्धा. मशेरी हा मुद्दा मुद्दाम सांगावा लागतो, कारण "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला रोज सकाळी मशेरी लावणारी बाई मनापासून "नाही" म्हणते. तिच्या दृष्टीने ते दात घासणं असतं. काही सर्जन लघवीत कोटिनिन (शरीरात निकोटिनपासून बनणारा पदार्थ) तपासतात. तपासलं तर राग मानू नका.

भूलतज्ज्ञांना सांगायच्या गोष्टी वेगळ्या. सेमाग्लुटाइड-टिर्झेपाटाइडमुळे (वेगोव्ही आणि मौंजारोमधली औषधं) जठर उशिरा रिकामं होतं. रात्रभर उपाशी राहूनही पोटात अन्न उरू शकतं आणि भूल देताना ते उलटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. शेवटचं इंजेक्शन कोणत्या तारखेला घेतलं ते आणि मळमळ किंवा पोटफुगी आहे का तेही सांगा. डोस थांबवायचा की आदला दिवस नुसत्या पातळ पदार्थांवर काढायचा, हे ते ठरवतील. गर्भनिरोधक गोळ्या रक्त गोठण्याचा धोका वाढवतात, त्या साधारण चार आठवडे आधी बंद कराव्या लागतात; दुसरी सोय ठरवूनच बंद करा. बायपास झाला असेल तर फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून घ्या: आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक नको. नव्या जोडणीच्या जागी त्याने अल्सर होतो. वॉर्डातल्या ठरावीक वेदनाशामकांत ही औषधं हटकून असतात, आणि रात्रपाळीतल्या नर्सला तुमचा बायपास माहीत असेलच असं नाही.

पोट, मग बाकीचं

नुसती लोंबणारी घडी कापून काढणं म्हणजे पॅनिक्युलेक्टॉमी. यात बेंबीच्या वरचा भाग आणि स्नायू जसेच्या तसे राहतात. खाज-जखमा जातात, आकार मात्र फारसा येत नाही. ॲब्डॉमिनोप्लास्टीत कातडी बरगड्यांकडे सोडवत नेतात, मधून फाकलेले पोटाचे दोन उभे स्नायू छातीच्या हाडापासून खालपर्यंत शिवून जवळ आणतात, कातडी खाली ओढून जास्तीची काढतात आणि बेंबीसाठी नवीन जागा करतात. मोठ्या वजनउतारानंतर कातडी उभी आणि आडवी दोन्हीकडे सैल असते, म्हणून कधीकधी मधोमध उभाही काप घ्यावा लागतो. त्याने कंबर छान येते, पण पोटावर उभा व्रण राहतो, आणि उभी-आडवी रेघ जिथे मिळते त्या टोकाला रक्तपुरवठा सगळ्यांत कमी असतो. जखम उकलली तर बहुधा तिथेच उकलते. पाठ आणि नितंबही ओघळले असतील तर काप कंबरेभोवती पूर्ण फिरवतात. त्यात भुलेखाली कुशीवर वळवून काम करावं लागतं, वेळ आणि रक्तस्राव दोन्ही वाढतात.

जुने व्रण सर्जनला दाखवा. सिझेरियनचा आडवा व्रण काढलेल्या भागात निघून जातो, त्याची काळजी नको. पित्ताशयाच्या जुन्या, उघड्या ऑपरेशनचा उजव्या बरगडीखालचा तिरका व्रण मात्र महत्त्वाचा: त्याच्या खालच्या कातडीला वरून येणारं रक्त तिथेच तुटलेलं असतं. तो असेल तर कातडी कमी सोडवावी लागते. दुर्बिणीने केलेल्या जुन्या ऑपरेशनच्या छिद्रांशी किंवा बेंबीत हर्निया आहे का, हेही आधी सोनोग्राफी किंवा सीटी करून बघावं.

खुणा उभं राहूनच काढायच्या असतात, कारण झोपल्यावर घडी बाजूला सरकते आणि काही कळत नाही. तुम्ही दोन्ही हातांनी पोट वर उचलून धरता, सर्जन खाली जांघेपासून अंतर मोजत पेनाने रेघ मारतात, मग चिमटीत कातडी धरून किती निघेल याचा अंदाज घेतात. या वेळी रोजच्या वापरातली अंतर्वस्त्रं घालून जा आणि व्रण त्यांच्या आत राहील का ते विचारा. साडी नेसणाऱ्यांनी परकराची नाडी कुठे बसते तेही दाखवावं. नाडी बरोबर व्रणावर बसली तर पुढे वर्षभर तिथे काचत राहतं. निदान सहा महिने नाडीऐवजी रुंद इलॅस्टिकचा परकर किंवा साडी शेपवेअर वापरा.

दंडाच्या ऑपरेशनचा व्रण काखेपासून कोपरापर्यंत असतो आणि तो दिसतो, यात पडदा ठेवण्यासारखं काही नाही. बिनबाह्यांचा ब्लाउज घालायचा म्हणून दंड करायला येणाऱ्यांनी व्रणांचे फोटो आधी बघावेत. तिथून एक बारीक मज्जातंतू जातो; तो दुखावला तर हाताच्या आतल्या बाजूला बधिरपणा राहतो. ऑपरेशनच्या आधी बांगड्या, अंगठ्या काढून ठेवा, कारण पंजा सुजतो आणि मग त्या कापाव्या लागतात.

मांड्या हे सगळ्यांत खाष्ट काम. जांघेतली जागा दमट, लघवी-संडासच्या जवळ, शिवाय तिथून लसीकावाहिन्या (पेशींभोवतीचं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) जातात. जखम उकलणं, पाणी साचणं, पायाला सूज राहणं हे सगळं इथे जास्त. वरची ओढ नीट खोल पडद्याला शिवली नाही तर व्रण खाली घसरतो आणि योनीच्या कडा बाजूला ओढल्या जातात. म्हणून आधी पोट आणि कंबर, त्याने मांडीची बाहेरची बाजूही थोडी उचलली जाते, आणि मग उरलेल्या मांड्यांचा विचार. छातीचं काम (बायकांत उचलून बसवणं, पुरुषांत सपाट करणं) त्या मानाने सरळ असतं.

सगळं एकाच वेळी उरकून घ्यायचा मोह होतो, कारण सुट्टी एकदाच मिळते. टेबलावर जितके तास जास्त, तितका अंग गार पडण्याचा, रक्त जाण्याचा आणि पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका जास्त. पाच-सहा तासांच्या पुढे जाणारा बेत दोन टप्प्यांत, मध्ये तीन ते सहा महिने ठेवून करा. "एका दिवसात सगळं" असं सांगणाऱ्या पॅकेजपासून लांब राहा. सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी आहे का ते पाहा, आणि जिथे ऑपरेशन होणार तिथे आयसीयू आणि रक्ताची सोय आहे का ते विचारा.

पहिले सहा आठवडे

ऑपरेशनच्या संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी चालायला उठवतात. उठायचंच. पायाच्या गुठळीविरुद्ध चालण्याइतकं स्वस्त औषध नाही. त्यासोबत पोटरी दाबत राहणारे पंप आणि धोक्यानुसार एनॉक्सापॅरिनची (रक्त गोठू न देणारी) इंजेक्शनं असतात. पोटाच्या ऑपरेशननंतर सात ते दहा दिवस कमरेत वाकून चालायचं आणि झोपताना पाठीमागे दोन-तीन उशा, गुडघ्याखाली एक. ताठ व्हायची घाई केली तर ताण थेट टाक्यांवर येतो.

ड्रेन म्हणजे जखमेतलं पाणी ओढून घेणारी नळी आणि तिच्या टोकाला चेपलेला फुगा. घरी घेऊन जावं लागतं, म्हणून वॉर्डातच शिकून घ्या. नळी कातडीजवळ एका हाताच्या चिमटीत घट्ट धरायची, दुसऱ्या हाताला जरा सॅनिटायझर लावून नळी फुग्याकडे पिळत न्यायची, म्हणजे आतल्या गुठळ्या पुढे सरकतात. मग झाकण उघडून पाणी मापात ओतायचं, फुगा पूर्ण चेपून तसाच धरून झाकण लावायचं. फुगा न चेपता झाकण लावलं तर ओढच राहत नाही, आणि ही चूक घरोघरी होते. सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळी, प्रत्येक ड्रेनचा वेगळा आकडा वहीत. रंग लालवरून गुलाबी, मग पेंढ्यासारखा पिवळसर व्हायला हवा. चोवीस तासांत तीस मिलीच्या खाली सलग दोन दिवस आलं की ड्रेन काढतात. पुन्हा एकदम लालभडक आणि भरभर येऊ लागलं, किंवा एका बाजूला टणक सूज आली, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच क्षणी फोन करा.

ड्रेन काढल्यावरही पाणी साचू शकतं. त्याला सिरोमा म्हणतात आणि या ऑपरेशनांनंतरच्या सर्वाधिक आढळणाऱ्या तक्रारींपैकी ती एक आहे. पोटावर बोट आपटलं की पाण्याची लाट जाणवते. सुईने दर काही दिवसांनी काढावं लागतं, दुखत नाही, पण दुर्लक्ष केलं तर पाण्याभोवती पिशवी तयार होते आणि पुन्हा ऑपरेशन लागतं. सर्जननी आतून कातडी स्नायूला ठिकठिकाणी टाचली असेल तर सिरोमा कमी होतो. हे तुम्ही आधी विचारू शकता.

मांड्यांच्या ऑपरेशननंतर सहा आठवडे उकिडवं बसायचं नाही, मांडी घालूनही नाही. म्हणजे भारतीय पद्धतीचा संडास बंद. घरात कमोड नसेल तर खुर्चीचा कमोड आणून ठेवल्याशिवाय तारीख घेऊ नका. बाइकवर मागे बसणंही नको. पोटाचं झालं असेल तर भरलेली बादली, मोठा कुकर, लहान मूल उचलणं सहा आठवडे बंद. बैठं काम दोन-तीन आठवड्यांनी जमतं.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या घरांत हमखास होते: शेक. बेंबीखालची कातडी कित्येक महिने बधिर असते. दुखतंय म्हणून आजी गरम पाण्याची पिशवी देते, चटका कळत नाही आणि ताज्या जखमेशेजारी भाजल्याचा फोड येतो. ऑपरेशनच्या जागेवर शेकही नको, बर्फही नको.

पोटरी एकाच पायाची सुजली-दुखली, अचानक धाप लागली, छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीत जा. ताप, दुर्गंधी, काळपट कड दिसली तर त्याच दिवशी दाखवा. जखमेचा एखादा सेंटिमीटर उकलणं मात्र पुष्कळांच्या बाबतीत घडतं. ड्रेसिंगने भरतं, घाबरू नका.

व्रण तीन महिन्यांपर्यंत लाल, कडक आणि खाजरा होत जातो, मग हळूहळू निवळतो. पूर्ण फिका व्हायला बारा ते अठरा महिने. आपल्या सावळ्या कातडीत तो काळसर पडण्याची आणि जाड होण्याची प्रवृत्ती जास्त असते. जखम पूर्ण मिटली की सिलिकॉन जेल किंवा पट्टी रोज बारा तासांहून जास्त, किमान तीन महिने. कान टोचल्यावर किंवा लसीच्या जागी केलॉइड (जखमेबाहेर वाढत गेलेला जाड व्रण) झालेलं असेल तर हे सर्जनला आधीच सांगा.

विमा आणि पैसे

आरोग्य विम्यात प्लास्टिक सर्जरीचं कलम सगळ्या कंपन्यांत साधारण सारखंच आहे, कारण शब्द आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेने ठरवून दिलेत: अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना, नाहीतर तब्येतीला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार, आणि तसं उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र. दंड, मांड्या यात बसणं कठीण. पोटाच्या घडीसाठी प्रयत्न करता येतो, पण त्यासाठी "खाज येते" एवढं पुरत नाही. उभं राहून घडी जांघेखाली जातेय असे फोटो, त्वचारोगतज्ज्ञांच्या काही महिन्यांच्या तारीखवार चिठ्ठ्या, उपचार करूनही परत-परत झालेला संसर्ग, सेल्युलायटिससाठी (कातडीच्या खोलवरच्या जंतुसंसर्गासाठी) दाखल झाला असाल तर ते डिस्चार्ज कार्ड, हे सगळं जोडून पूर्वपरवानगी मागा. नकार आला तर कारण लेखी घ्या. ऑपरेशन निव्वळ सौंदर्यासाठीचं धरलं गेलं तर बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो अंदाजपत्रकात धरला आहे का ते विचारा. गारमेंटचे दोन जोड, घरी घ्यायची इंजेक्शनं, आणि व्रणाच्या टोकाशी उरलेला कातडीचा उंचवटा नंतर काढायचा खर्च कुणाचा, हेही आधीच लेखी असू द्या. मुंबईत केईएम, सायन, नायर आणि पुण्यात ससून इथे प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. खासगी परवडत नसेल तर तिथे दाखवायला काहीच हरकत नाही, रांगेची तयारी ठेवा.

नंतरचं जगणं

या ऑपरेशननंतर काय बदलतं हे मोजायला २०१६ मध्ये बॉडी-क्यू नावाची प्रश्नावली तयार झाली. तिच्यात शरीर कसं दिसतं याबरोबर शरीराची हालचाल, लैंगिक आयुष्य, चारचौघांतला वावर, व्रणाबद्दलची भावना हे सगळं विचारतात. सुधारणा सर्वांत ठळक दिसते ती शरीराविषयीच्या भावनेत आणि हालचालीत. धावता येतं, पोहायला जाता येतं, ट्रेनच्या गर्दीत कपड्याखालचं पोट सावरत उभं राहावं लागत नाही. जिनिव्हातल्या एका गटाने २०१३ मध्ये बायपासनंतरच्या रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली. कॉन्टूरिंग झालेल्यांचं वजन पुढच्या वर्षांत कमी परत चढलं. मला यातून फार मोठा निष्कर्ष काढणं बरोबर वाटत नाही, कारण ज्यांचं वजन टिकतं त्यांनाच मुळात ही ऑपरेशनं मिळतात. पण व्यायाम करताना सोलवटणारी कातडी निघाली की माणूस व्यायाम टिकवतो, हे पटण्यासारखं आहे.

हे ऑपरेशन वजन कमी करण्यासाठी नाही. काढलेली कातडी बहुधा दोन-चार किलो भरते आणि पहिल्या आठवड्यात सुजेमुळे काटा उलट वर जातो. जी कातडी उरते तीही तीच ढिली कातडी असते, त्यामुळे पहिल्या वर्षात थोडी सैल पडतेच, दंड-मांड्यांवर जास्त. मन शरीराच्या मागून येतं: दुकानात हात अजून मोठ्या मापाकडे जातो, दारातून तिरकं होऊन जाण्याची सवय जात नाही. आणि पोटाचं काम झालं की आतापर्यंत न खुपलेले दंड अचानक खुपू लागतात. म्हणून दुसरा टप्पा पहिल्याच्या आधीच बुक करू नका. सूज उतरू द्या, तीन ते सहा महिने नव्या शरीरात वावरा, मग काय खरंच अडतंय ते ठरवा. तेव्हाही सगळ्या रक्ततपासण्या नव्याने करा, कारण पहिल्या ऑपरेशनमध्ये गेलेल्या रक्ताबरोबर लोहाचा साठाही गेलेला असतो, आणि बायपास झालेल्यांचं फेरिटिन आपोआप वर येत नाही. पुढची तारीख तो आकडा बघूनच घ्या.